उसन्या माणसांची हजेरी

मी कमी बोलतो, असं माझ्याबद्दल सगळे म्हणतात, आणि म्हणताना कौतुकानं म्हणतात. ऑफिसात, नात्यात, गौलीगुड्याच्या आमच्या जुन्या गल्लीतसुद्धा. ते कौतुक मी इतकी वर्षं मुकाट घेत आलो. खरं सांगायचं तर मी मुळातला असा नाही. एकदा भर मांडवात, एका साध्या प्रश्नाला मी एका शब्दात खोटं उत्तर दिलं, आणि तिथून पुढं तोंड उघडायचीच धास्ती बसली. त्या उत्तरानं सात माणसांची रोजी गेली होती. पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, हात जड होईल. तसं काही झालं नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांना आधी सांगून झालंय, म्हणून असेल.

मी हैदराबादेत पाण्याच्या खात्यात असिस्टंट इंजिनियर होतो. नव्वदीची पहिली काही वर्षं सरली होती. सुलतान बाजारात परदेशी कॅमेरे काचेआड उघड मांडलेले दिसायला लागले होते, नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, आणि आमच्या ऑफिसात एक नवा शब्द आला होता : सरप्लस. आधी हा शब्द सिमेंटच्या पोत्यांसाठी वापरत. आता तो माणसांना लागायला लागला. नवी भरती बंद, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, जिथं जमेल तिथं माणसं कमी करा, अशी परिपत्रकं दर महिन्याला यायची. सरकारकडं माणसं फार झालीत, हे तेव्हा पानाच्या टपरीवरचा माणूससुद्धा छातीठोक सांगायचा.

आमच्याकडं मात्र उलट होतं. अंबरपेठच्या बाजूच्या माझ्या भागात कागदावर अठरा लाइनमन होते. एकेक करत ते रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. काम ओढत होते सात रोजंदारीवाले. त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती. पाणी एक दिवसाआड यायचं, एकेका गल्लीला तासभर. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या छातीएवढी उंच चावी आत घालायची, आणि ठरलेले आटे फिरवून व्हॉल्व्ह उघडायचा. वेळ झाली की बंद करून पुढच्या गल्लीत. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, कुठला जाम आहे, कुठल्या चढावरच्या घरांना दहा मिनिटं जास्त द्यावी लागतात, याचा नकाशा कुठंच नव्हता. तो त्या सातजणांच्या डोक्यात होता, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या मिस्त्रीच्या. मिस्त्री तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. अंगानं बारीक, आणि जिभेनं तिखट.

या सातजणांना कायम करावं म्हणून मी एक फाइल तयार केली होती. दोन वर्षं खपून. त्यांच्याबरोबर गल्ल्या फिरलो, प्रत्येक व्हॉल्व्ह लिहून घेतला, किती काम आणि किती माणसं याचा तक्ता मांडला. नोकरीत मनापासून केलेलं माझं ते पहिलं काम. फाइल सचिवालयापर्यंत पोचली होती. दर शनिवारी मिस्त्री दाराशी येऊन विचारायचे, "साब, फाइल कां तक पोंची?"

"दुसऱ्या मजल्यावर आहे, मिस्त्री."

"पिछले महिने भी दुसरेच मजले पे थी. सीढियां टूटे सो हैं क्या वहां की?"

अशात विधानसभेची समिती येणार असल्याचं पत्र आलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : सभागृहानं मंजूर केलेला पैसा सांगितल्या कामावर लागला का, काम झालं का, माणसं पुरेशी आहेत का, हे पाहायला सगळ्या पक्षांचे काही आमदार मिळून बसतात आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. आमच्याकडं ते एक टाकी पाहायला येणार होते. सहा वर्षांपूर्वी सुरू झालेली पाण्याची मोठी टाकी. खांब उभे होते आणि खांबांवर आभाळ होतं. खाली पडलेल्या पायपांवर आसपासच्या बायका गोधड्या वाळत घालायच्या. कंत्राटदार कोर्टात गेला होता, आणि काम थांबलंय असं कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, त्यांना आम्ही ई.ई. साहेबच म्हणायचो, रिटायर व्हायला दोन वर्षं असलेले सज्जन गृहस्थ. आमचं बोलणं तेलुगू-उर्दू मिसळून चालायचं, इथं मराठीत देतो. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "साइट जिवंत दिसली पाहिजे. बाजूच्या डिव्हिजनांना फोन लाव."

यात नवीन काही नव्हतं. समिती आली की शेजारच्या डिव्हिजनांकडून माणसं उसनी आणायची, ही आमच्याकडची रीतच होती. त्यांच्याकडं समिती गेली की आमची माणसं तिकडं. लग्नाला शेजाऱ्यांकडून पातेली आणावीत तसं. पातेल्यांवर नाव शेजाऱ्यांचं असतं म्हणून कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. आम्हीही म्हणत नव्हतो. मी तीन ठिकाणी फोन केले. एक्केचाळीस माणसं मिळाली. स्टोअरमधून पिवळी हेल्मेटं आणि गमबूट काढले. सकाळी ट्रकमधून ती सगळी उतरताना मिस्त्री चावीला टेकून बघत होते.

"क्या साब, बरात आरी क्या?"

"आरी. तुम्ही पण हेल्मेट घाला."

"हौ घालतूं. मगर दुल्हा कौन है की, वो तो बोलो."

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर तासाभरानं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

समिती आली. अध्यक्ष थकलेले वयस्कर गृहस्थ होते, सावली शोधत होते. बाकीचे सदस्य वर खांबांकडं बघून माना हलवत होते. त्यात एक बाई होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या, राजकारणात यायच्या आधी शाळेत शिकवायच्या. सुती साडी, हातात समास आखलेली वही. त्या माणसांकडं बघत होत्या. एका ओळीत उभ्या असलेल्या पन्नासेक पिवळ्या हेल्मेटांकडं.

मग टाकीशेजारी घातलेल्या मांडवात बैठक बसली. लघुलेखक पेन उघडून बसला. टाकीवरचे, कंत्राटावरचे, कोर्टावरचे प्रश्न ई.ई. साहेबांनी झेलले. कर्मचाऱ्यांचा तक्ता माझ्याकडं होता म्हणून बाई माझ्याकडं वळल्या आणि तेलुगूत विचारलं, "हे एवढे सगळे लोक रोज इथं कामाला असतात?"

माझ्या पिशवीत त्याच क्षणी माझ्या फाइलची प्रत होती. माणसं फार कमी आहेत, सातजणांना कायम करा, असं सांगणारी. ई.ई. साहेब मांडवाच्या बांबूकडं बघत होते. मांडवाच्या कडेला, बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब, मिस्त्री उभे होते. त्यांना वाटलं असावं, फाइलचंच चाललंय. ते माझ्याकडं बघून जरा हसले.

मी म्हणालो, "अवुनंडी." म्हणजे होय जी.

"सगळे?"

"अवुनंडी."

त्यांनी वहीत लिहिलं. मी खूप वर्षं स्वतःला सांगत आलो की ई.ई. साहेबांना वाचवायला मी तसं बोललो, डिव्हिजनची अब्रू राखली. तसं काही नव्हतं. मी विचारच केला नव्हता. वरच्यानं विचारलं की खालच्याच्या तोंडून होयच निघायचं, एवढंच.

इथवर झालं ते कदाचित मी पचवलं असतं. बोलून चालून सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो, समितीपुढं घाबरलो. पण समितीची एक पद्धत असते. साक्ष झाली की शब्द न् शब्द टाइप होतो आणि तो मजकूर साक्षीदाराकडं परत येतो : वाचा, चुकलं असेल तिथं दुरुस्त करा, सही करून पाठवा. पंधरवड्यानं तो माझ्याकडं आला. अकरा पानं. दुपारची वेळ होती, खोलीत मी एकटा. माझ्यावर कुणाचे डोळे नव्हते, कुणी वरचा नव्हता, घाई नव्हती. मी पहिल्या पानापासून नीट वाचत गेलो. चौथ्या पानावर मुख्य लाइनचा व्यास चुकीचा पडला होता. नऊशेच्या जागी तीनशे मिलिमीटर. मला ते सहन झालं नाही. लाल शाईनं खोडून बरोबर आकडा घातला, बाजूला छोटी सही केली. सातव्या पानावर बाईंचा प्रश्न होता आणि खाली माझं होय, दोनदा. त्या पानाकडं मी किती वेळ बघत राहिलो, सांगता येत नाही. मग शेवटच्या पानावर लिहिलं, इतर दुरुस्ती नाही, आणि सही केली.

व्यास दुरुस्त केला. माणसं तशीच ठेवली. माझं पाप कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी मांडव दाखवणार नाही, ती खोली दाखवीन.

अहवालात समितीनं लिहिलं ते माझ्या उत्तरावरूनच निघत होतं. टाकी रखडलीय, ती माणसं कमी असल्यानं नव्हे. माणसं कामापेक्षा जास्त आहेत आणि उभी आहेत. मग नवीन जागा कशाला? रोजंदारीवाले चालू कशाला? सचिवालयातून माझी फाइल परत आली, वर शेरा : समितीचे निरीक्षण पाहता प्रस्ताव नामंजूर. सोबत आदेश, पहिल्या तारखेपासून सातजणांना थांबवा.

मिस्त्रींना सांगायचं कामही माझ्याकडंच आलं. "मिस्त्री, वरून आलंय," मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरची चावी खाली टेकवली. मग म्हणाले, "ऊपर हमारा नाम किसको मालूम है साब? ऊपर तो आपकेच कागज जाते ना."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी चावी भिंतीला लावून ठेवली. बाकीचे सहाजणही आपापल्या चाव्या ठेवून गेले. त्यात एकजण होता, फारसा न बोलणारा, कानाला पेन्सिल लावून फिरणारा. तो दारापर्यंत गेला, परत आला, मला काहीतरी विचारायचं होतं त्याला, आणि न विचारताच गेला.

पुढचे आठ महिने अंबरपेठच्या गल्ल्यांनी जे भोगलं त्याचं वर्णन करत नाही. दुसऱ्या डिव्हिजनची माणसं पाठवली होती, पण त्यांना व्हॉल्व्ह सापडायचे नाहीत, सापडले तर फिरायचे नाहीत. एका गल्लीत दिवसभर पाणी गटारात वाहायचं आणि तिच्या मागच्या गल्लीत आठवडा आठवडा थेंब नाही. बायका घागरी घेऊन ऑफिसात यायच्या. एकीनं माझ्या टेबलावर रिकामी घागर ठेवली आणि म्हणाली, "टाकी तर बांधली नाहीच तुम्ही. होते ते लाइनमन तरी कुठं लपवले?"

समितीच्या अहवालाला खात्यानं उत्तर द्यायचं असतं : तुमच्या शिफारशीवर आम्ही काय केलं. त्याचा मसुदा करायला मला सांगितलं गेलं. दोन ओळींचं काम होतं. शिफारस अमलात आणली, सात रोजंदारीवाले कमी केले. मी तेवढं लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, फाडलं. चौथ्या खेपेला हात आपोआप चालला : पाहणीच्या दिवशी हजर असलेल्यांपैकी एक्केचाळीस माणसं इतर तीन डिव्हिजनांमधून त्या दिवसापुरती आणली होती. नेहमीची माणसं सातच होती. समितीपुढं दिलेलं उत्तर खरं नव्हतं.

मसुदा ई.ई. साहेबांपुढं ठेवला आणि उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावून वाचला, काढून पुसला, परत वाचला.

"हे 'समितीपुढं दिलेलं उत्तर' म्हणजे कुणी दिलेलं? सगळ्या खात्यानं?"

"मी दिलेलं, सर."

"मग तसं लिही ना. आणि माणसं आणायला कुणी सांगितलं?"

मी पेन काढलं.

"तेही लिही. दोन वर्षं होती, त्यातलं एक सरलं. आता मला काय कुठं जायचंय?" मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटत होतं, तू कधी लिहितोस बघू. मी स्वतः लिहायला हवं होतं. धीर झाला नाही."

त्यांनी सही केली, आणि महिन्याभरात आम्हा दोघांना समितीनं परत बोलावलं, या वेळी विधानसभेत. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. नोकरी जाणार, हे मी धरून चाललो होतो. घरी बायकोला फक्त एवढं सांगितलं होतं की साक्ष आहे.

आत त्याच बाई, तीच समासाची वही. "त्या दिवशी तुम्ही दोनदा होय म्हणालात," त्या म्हणाल्या.

"खोटं बोललो, अम्मा," मी म्हणालो. एवढं बाहेर पडलं. पुढची वाक्यं भराभर आली. फोन कुणाला केले, ट्रक किती होते, हेल्मेटं कुठून आणली, सगळं.

त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "बूट कोरे होते. चिखलाच्या साइटवर पन्नासजण उभे, आणि एकाच्याही बुटाला चिखल नाही. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय मी, एवढं कळतं मला. म्हणून तर दोनदा विचारलं."

मला धक्काच बसला. "मग अहवालात..."

"समिती तिला वाटलं ते लिहीत नाही. साक्षीदार सांगतो ते लिहिते. म्हणून कागद परत पाठवतो ना आम्ही तुमच्याकडं? तुम्ही पायपाचा आकडा तेवढा सुधारलात. मी पान उलटून पाहिलं, पुढं काहीच नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. वही तपासणाऱ्या मास्तरणीचा असावा तसाच होता. "बसा आता."

नोकरी गेली नाही. खात्यानं ताकीद दिली, बढती दोन वर्षं लांबली. ई.ई. साहेबांनाही ताकीद मिळाली, ती त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला सुलतान बाजारात नेऊन लस्सी पाजली. समितीनं शिफारस मागं घेतली, माझी फाइल वर गेली, आणि काही महिन्यांनी सातही जागा मंजूर झाल्या. सहाजण रुजू झाले. सातवा, तो पेन्सिलवाला, खोली सोडून कुठं गेला होता ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या नावाचं पत्र परत आलं, मुदत संपली, ती जागा गेली.

रुजू झाल्या दिवशी मिस्त्री मिठाईचा डबा घेऊन आले. सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "ये साब नै रहते तो हम सात जिंदगीभर सडक पे रहते," ते म्हणाले, आणि लाडू माझ्या तोंडात कोंबला.

तोंड भरलेलं होतं, हे कारण चांगलं होतं. मी काही बोललो नाही.

म्हणजे समितीला खरं सांगितलं, सरकारला लिहून दिलं, पण ज्यांचं गेलं त्यांना नाही. ते मला आपला तारणहार समजत राहिले, आणि मी समजू दिलं. ईदला शीरखुर्मा यायचा, तो मी घेतला. त्यांच्या मुलीच्या लग्नात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, बसलो. असं बारा वर्षं.

मिस्त्री रिटायर झाले तेव्हा ऑफिसात छोटा निरोप होता. त्यांनी भाषणात पुन्हा तेच सांगितलं, आता नव्या पोरांना. फोटो घरी आले तेव्हा बायको बघत बसली होती. ती पुण्याची, माझ्या हैदराबादी मराठीला चौदा वर्षं हसत आलेली.

"अहो, ते बिचारे एवढं कौतुक करतायत आणि तुमचं तोंड असं का?"

मी तिला सांगितलं. पहिल्यांदा, सगळं.

तिनं फोटो बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बारा वर्षं? आणि मी समजत होते तुम्हाला ॲसिडिटी आहे." नंतर, "पण हे मला सांगून काय होणार? मी थोडीच चावी घेऊन फिरत होते?"

त्या रविवारी सकाळी मी अंबरपेठला मिस्त्रींच्या घरी गेलो. ते बनियनवर बसून पेपर वाचत होते. चहा यायच्या आत सांगून टाकायचं ठरवलं होतं, नाहीतर पुन्हा तोंड भरलं असतं. सांगितलं. मांडव, प्रश्न, होय. मग ती अकरा पानं.

त्यांनी पेपरची घडी केली. चहा आला, गार झाला.

"आठ महिने मैं ससुरे के घर रहा साब," ते शेवटी म्हणाले. "उन्होंने रोज पूछा, ऐसा क्या करे तुम की निकाल दिए? मेरे कने जवाब नै था."

"माझ्याकडं होता," मी म्हणालो.

"हौ. आपके कने था." त्यांनी डोळे पुसले की चष्मा, मला नीट दिसलं नाही, मी खाली बघत होतो. "गुस्सा तो आरा. झूट कायकू बोलूं. मगर गुस्सा करके अब क्या उखाडूं, पेन्शन तो आपकेच फाइल से आरी." मग एकदम मान वर करून, "और वो सातवां? उसकू बोले?"

"तो कुठं आहे, मला माहीत नाही."

"मेरे कू मालूम है. चार साल से यहींच है. मार्केट के पीछे मोटर बांधता. चलो."

"मी जातो एकटा."

"नक्को. आप अकेले गए तो दरवाजे से वापस आते. मैं पहचानतूं आप कू." शर्ट चढवत ते म्हणाले. ती त्यांनी मला दिलेली पहिली शिवी होती असं मानायला हरकत नाही, आणि मला ती फार बरी वाटली.

जळालेल्या मोटरी पुन्हा बांधायचं ते दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तो पंपाच्या कॉइलवर तांब्याची तार गुंडाळत होता. केस पांढरे झाले होते, पेन्सिल कानावरच होती. त्यानं मिस्त्रींना बघून मान हलवली, मला ओळखायला वेळ लागला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सांगताना या खेपेला कुठं अडलो नाही. तुमची जागा माझ्या खोट्यानं गेली, बाकीच्यांची परत आली, तुमची आली नाही.

त्याचे हात थांबले. "मतलब मेरे वजह से नै था?"

मला कळलं नाही.

"वो पैली तारीख के चार दिन पैले," तो हळू बोलत होता, "मैं पीछे की गल्ली का व्हॉल्व्ह खुला भूल गया था. रातभर पानी गया. किसी ने देखा नै. मैं समझा किसी ने देख लिया. मेरे एक के वजह से सबकू निकाले बोलके... मुंह कैसा दिखाता मैं इन लोगां कू? गाव चले गया."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरे पागल! व्हॉल्व्ह तो हम सब भूलते थे!"

त्या दिवशी दारापर्यंत जाऊन तो परत का आला होता, ते मला आता समजलं. आणि पत्र परत का आलं, तेही. मी त्याच्यापुढं हात जोडले. तोंडातून माफी वगैरे काही निघालं असेल, आठवत नाही.

त्यानं ते ऐकलंच नाही बहुतेक. तो आतल्या दाराकडं वळून बायकोला हाका मारत होता, तेलुगूत, घाईघाईनं, "ए, बाहेर ये. ये लवकर. साहेब काय म्हणतात ऐक."

ती पिठाचे हात तसेच घेऊन आली. नवऱ्याकडं, मिस्त्रींकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"सांगा तिला," तो मला म्हणाला. "पहिल्यापासून सांगा. माझं ती मानत नाही."

त्यानं तारेचं रीळ बाजूला सारून मला स्टूल दिलं. मी बसलो आणि माझ्या मोडक्या तेलुगूत पुन्हा सुरुवात केली : समिती येणार होती, म्हणून मी माणसं आणली. ती मध्येच थांबवून विचारायची, किती माणसं, कुठून आणली, हे कुठं होते तेव्हा. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "निजमा?" खरंच?

"खरंच," मी म्हणालो. "यांची काही चूक नव्हती. माझी होती."

ती नवऱ्याकडं वळली. "मग इतकी वर्षं रात्री उठून नळ बंद आहे का बघत होतास, ते?"

तो हसायला लागला. मिस्त्रीही हसायला लागले. तिनं दोघांना दटावलं, पदर खोचला, आणि मला विचारलं, जेवून जाणार का. मी होय म्हणालो.